पाहुण्याचं घड्याळ

पाहुण्यांची सरबराई करणारा माणूस म्हटलं, की दारात उभा राहून 'या, या' करणारा हसतमुख गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. ऑफिसात ज्यांना पाहुणेकाका म्हणत, त्यांचं उलटं होतं. घराची बेल वाजली की ते न्हाणीघरात शिरून आतून कडी लावत.

"अहो, बाहेर या! माझा भाऊ आलाय, वाघ नाही!" बायको ओरडे. आतून फक्त नळ सोडल्याचा आवाज येई.

त्यांचे लाडके पाहुणे होते ते ऑफिसात. एका मोठ्या संगणकाच्या पोटात दहा-वीस लटके संगणक चालवायचे, असा एक उद्योग असतो. मोठा तो यजमान, पोटातले ते पाहुणे. गंमत अशी, की आपण पाहुणे आहोत हे पाहुण्याला ठाऊकच नसतं. आपल्याला खरी डिस्क आहे, खरा माउस आहे, अशाच समजुतीत तो नांदतो. (मेव्हण्यांपैकी काहींचंही असंच असतं, पण ते राहू द्या.) मात्र असा पाहुणा जन्मतः आंधळा-बहिरा. त्याला माउस कळावा, नेटवर्क दिसावं, म्हणून ड्रायव्हर नावाचे छोटे प्रोग्रॅम द्यावे लागतात. ते गोळा करून, तपासून, त्यांचं पॅकेज बांधून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचं, हे काकांचं काम. मग कुठकुठले पाहुणे तिथून ते आपापले उचलून नेत.

हे काम त्यांना गुरुजींनी शिकवलं. गुरुजी म्हणजे त्यांच्या आधी त्या खुर्चीवर बसणारा, कोपरांवर झिजलेला सदरा घालणारा एक किडकिडीत माणूस. त्यांचा एकच मंत्र होता, "मागितलं तेवढंच वाढावं. आग्रहानं पाहुणा मरतो." त्यांच्या पॅकेजात माउस आणि नेटवर्क, बस. गुरुजी वारल्यावर काकांनी सुधारणा केली. एकाच पॅकेजात डिस्क, माउस, नेटवर्क, घड्याळ, सगळं. एकदा टिचकी मारली की भरल्या ताटासारखं समोर. याचा त्यांना इतका अभिमान होता, की लग्नाचा वाढदिवस विसरत, पण त्या पॅकेजाचा नाही.

एका दुपारी मोठ्या बाई, म्हणजे त्यांच्या साहेब, टेबलापाशी आल्या.

"काका, गुरुजींच्या वेळचं ते जुनं पॅकेज अजून सर्व्हरवर आहे. आज काढून टाका."

"एक पाहुणा अजून नेतो ते."

"एक? कोणाचा?"

"तेच कळत नाही."

"मग त्याला नवं द्या. नाहीतर उपाशी ठेवा. संध्याकाळपर्यंत जुनं निघालं पाहिजे."

बाई गेल्या. काका माग काढायला बसले. पत्ता बाहेरचा नव्हताच. त्यांच्याच मजल्यावरच्या मागच्या खोलीतला एक धुळकट यजमान निघाला. त्यावर एकच पाहुणा. यजमानाला सवड झाली की तो जागा होई, जुनं पॅकेज उचली, थोडा वेळ चाले आणि पुन्हा झोपवला जाई. त्याला घड्याळाचा ड्रायव्हर मिळालाच नव्हता, म्हणून प्रत्येक वेळी तो जिथे झोपला तिथूनच उठे. बाहेर वर्षं लोटली होती. त्याच्यासाठी एकच दुपार चालू होती.

काकांनी त्याचा पडदा उघडला. निळी पाटी, कोपऱ्यात जुनी तारीख. आणि मधोमध माउसचा बाण आपला आपण फिरत होता. डावीकडून तीन गोल, उजवीकडून एक, मग मध्ये क्षणभर थांबणं. कपातली साखर ढवळावी तसं.

काकांच्या मानेवर काटा आला. माउसचा प्रत्येक नवा ड्रायव्हर गुरुजी असाच तपासत. तीन डावे, एक उजवा, थांबा.

'प्रोग्रॅम लावून ठेवला असणार म्हाताऱ्यानं,' ते पुटपुटले आणि शोधू लागले. पाहुण्याचा कोपरान् कोपरा धुंडाळला. प्रोग्रॅम नव्हता. शेवटी भीत भीत त्यांनी स्वतःचा माउस किंचित हलवला. फिरणारा बाण थबकला. मग हळूच डावीकडे सरकला. काका शिकायला शेजारी येऊन बसले, की गुरुजी खुर्ची सरकवून जागा देत, अगदी तसा.

"काका, बरं वाटत नाहीये का?" पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी विचारलं.

"उकडतंय," काका म्हणाले. खोलीत एसीचा गारठा होता.

आता पंचाईत अशी, की जुनं पॅकेज काढलं तर पुढच्या वेळी हा उठेल तो माउसशिवाय. बाण थांबेल. बाईंना सांगावं तर काय सांगणार? 'गुरुजी आत आहेत'? त्यांनी रजेवर पाठवलं असतं, तेही कायमचं. राहिला एकच मार्ग, नवं पॅकेज. त्यात माउस आहेच, पाहुणा जगेल. काकांनी मोठ्या मायेनं ते आत सोडलं, आपल्या हातचं भरलं ताट. ते लागल्याची खूण आली तशी त्यांनी सर्व्हरवरून जुनं काढून टाकलं आणि हुश्श केलं.

बाण पुन्हा फिरू लागला. एक डावा गोल, दुसरा...

तेव्हा कोपऱ्यातली तारीख बदलली. घड्याळ! ताटात तेही होतं, आणि ते मागितलं कोणी होतं? इतक्या वर्षांची सगळी वेळ त्या पाहुण्यावर एकदम आली.

तिसरा गोल अर्ध्यातच थांबला. बाण सावकाश, पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, कोपऱ्यातल्या तारखेपाशी गेला. तिथे बराच वेळ उभा राहिला.

"नको, गुरुजी," काका म्हणाले. त्यांनी माउस घट्ट धरून बाण मागे ओढायला पाहिलं. तो हलला नाही. मग आपणहून निघाला, 'बंद करा'च्या बटणावर गेला आणि टिचकी वाजली. काकांचं बोट माउसच्या बटणावर नव्हतं. पडदा काळा झाला. नव्या ड्रायव्हरांनी आपलं काम चोख केलं. यजमानाकडे रीतसर निरोप पोचवला, की पाहुणा स्वतःहून गेला.

काकांनी तो पुन्हा चालू करून पाहिला. डिस्क रिकामी होती. झाडून-पुसून ठेवलेल्या खोलीसारखी.

त्या रविवारी मेव्हणा मुक्कामाला येणार होता. बायको खोली आवरायला गेली आणि तशीच परतली.

"अहो, पाहुण्यांच्या खोलीतलं घड्याळ कुठे गेलं?"

"काढलं मी."

"का? चालत होतं की चांगलं!"

"त्यानं मागितलंय का?" काका म्हणाले. तेवढ्यात बेल वाजली. न्हाणीघराकडे न जाता ते स्वतः दार उघडायला गेले, आणि मेव्हणा आत येईपर्यंत भिंतीला चिकटून, त्याच्यासाठी जागा करून उभे राहिले.