नऊ फुटांच्या ओट्याचा सीमावाद

दापोऱ्याच्या धुरपदाबाईनं गौळण उचलली की गोठ्यातल्या म्हशी उभ्या राहत, असा तिचा आवाज. वरच्या गल्लीचं महिला भजनी मंडळ तिचंच. त्याला तापीकाठ भजनी संघात शिरायचं होतं, कारण संघात नसलेल्यांना शनवारा भागातल्या संमेलनात माईक मिळत नसे.

संघाचे नियम दोनच. जुन्या सगळ्या मंडळांची संमती हवी, आणि नव्या मंडळाचा जागेवरून कुणाशी वाद नको. धुरपदाबाईचं दोन्हीकडे अडलं. निंबाखालच्या ओट्यावर वरची गल्ली हक्क सांगे, खालचीही सांगे. खालची गल्ली आधीच संघात होती आणि तिची अध्यक्ष सोजरबाई, म्हणजे धुरपदाबाईची सख्खी नणंद.

"वहिनी, ओटा सोडा, लगेच सही करते."

"माहेरच्या वावरावरचा हक्क हसत सोडला तू, अन् ओट्यासाठी काबरं अडून बसली?"

मग दोन्ही मंडळं एकाच वेळी ओट्यावर बसू लागली. मधे चुन्याची रेघ. इकडे अभंग, तिकडे आरती. रेघेवर फक्त सोजरबाईची शेळी बसे. तिला दोन्हीकडून पाला मिळे.

शेवटी संघाची सचिव चारुलता टेप घेऊन आली. ओटा भरला नऊ फूट.

"साडेचार-साडेचार. बराबर?"

तेवढ्यात निंबाला टेकून पेंगणारे कडूबाबा जागे झाले. "काय मोजता? माझ्या बापानं बांधला हा ओटा. उठा सगळ्या, झोपू द्या मला."

"तुमच्या बापानं?" धुरपदाबाई कडाडली. "माझ्या सासऱ्यानं माती वाहिली याची!"

"खोटं! माझ्या बापानं वाहिली!" सोजरबाई ओरडली.

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. माणूस एकच होता.

सोजरबाईला आधी हसू फुटलं, मग रडू. धुरपदाबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले. कडूबाबा गोधडी उचलून मारुतीच्या देवळाकडे गेले. जागेवरच दोन्ही मंडळांचं एक मंडळ झालं, सह्या झाल्या.

"पहिली गौळण कोण म्हणणार?" चारुलतानं सहज विचारलं.

"मी!" दोघी म्हणाल्या.

"हा तुमचा घरचा मामला," म्हणत तिनं स्कूटी सुरू केली.

संमेलनात दोघींनी एकच माईक दोन बाजूंनी धरला आणि दोन वेगळ्या गौळणी म्हटल्या. माईकवाल्यानं घाबरून आवाज बंद केला. तरी शेवटच्या रांगेपर्यंत दोन्ही ऐकू आल्या.