दुसऱ्या रविवारची मावशी

फ्रॉकमावशी मिशनच्या सिस्टरांनी चालवलेल्या मुलींच्या आश्रमात आली ती पाचव्या वर्षी आणि बाहेर पडली ती अठराव्या. बाहेर पडली म्हणजे फक्त राहायला, मन काही तिथून हललं नाही. सिस्टरांच्या हवाली करताना बापाने सांगितलं होतं, "रविवारी येतो." कुठल्या रविवारी, ते सांगायचं राहून गेलं. महिन्याचा दुसरा रविवार भेटीचा असे. तेरा वर्षं ती प्रार्थना आटोपली की केस पुन्हा विंचरून, बुटांच्या नाड्या दोनदा बांधून भेटीच्या खोलीतल्या बाकावर बसायची. बाकीच्या मुलींच्या आया, आत्या, मामा येत, पिशव्या उघडत, गालगुच्चे घेत. चारची घंटा झाली की हिने उठायचं आणि सगळे बाक भिंतीला लावायचे. हे काम तिला कोणी नेमून दिलं नव्हतं, पण तेवढ्यासाठी तरी तिथे बसायला कारण मिळायचं.

शिवण ती तिथेच शिकली. हात चांगला होता, म्हणून शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात लागली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले. लग्न जमलं नाही. जमवायला मागे कोणी असावं लागतं. दुकानाच्या वर तिची एक खोली होती. त्यात एक खाट, एक यंत्र आणि बाकी सगळ्या चिंध्या. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी ती टेप गळ्यात अडकवून आश्रमात मुलींची मापं घ्यायला जायची. 'फ्रॉकमावशी' हे नाव मुलींनीच पाडलं.

एका वर्षी मापांच्या रांगेत एक काडीसारखी पोर उभी राहिली. सात वर्षांची, पण जिभेला धार अशी की सगळ्या तिला लवंगी म्हणायच्या.

"टाचा खाली ठेव," मावशी म्हणाली.

"खाली ठेवल्या तर फ्रॉक आखूड होईल."

"मापाचा होईल."

"मापाचा नको. आई येईपर्यंत पुरला पाहिजे. मध्येच आखूड झाला तर तिला वाटेल, ही दुसरीच मुलगी."

मावशीच्या हातातला खडू थांबला. तिने चार बोटं कापड जास्त धरलं आणि खाली रुंद दुमड ठेवली. त्याच संध्याकाळी मोठ्या सिस्टरांकडे जाऊन तिने लवंगीला दुसऱ्या रविवारी भेटायची परवानगी मागितली. लवंगीची आई दूरगावी एका म्हाताऱ्या बाईंच्या सेवेला होती. पत्र यायचं, पण यायला रजा मिळत नव्हती. सिस्टरांनी फ्रॉकमावशीकडे जरा वेळ पाहिलं आणि होकार दिला.

पुढची दोन वर्षं मावशीचा एकही दुसरा रविवार चुकला नाही. एकदा अंगात ताप होता तरी गेली, फक्त लांब बसली. लवंगी आल्या आल्या महिन्याभराच्या कागाळ्या सांगायची, मग मावशीच्या पिशवीतली बिस्किटं मोजून निम्मी मैत्रिणींसाठी बाजूला काढायची. "ही माझी सख्खी मावशी," असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मावशीने ते कधी खोडलं नाही. खोडायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण सख्खं म्हणणारं आजवर भेटलंच कोण होतं?

एकदा तिने मोठ्या सिस्टरांना विचारून पाहिलं, "मी तिला माझ्याकडे नेलं तर?"

"तिला आई आहे."

"आहे, पण कुठे?"

"कुठे का असेना, आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून ते जास्त लागलं. तरी मावशीने एक दुसरी खाट बघून ठेवली. घेतली नाही, नुसती बघून ठेवली.

आणि मग एका दुसऱ्या रविवारी ती खोलीत शिरली तर लवंगी एका बाईच्या मांडीवर बसलेली. एवढी नऊ वर्षांची घोडी, पाय जमिनीला टेकत होते, तरी मांडीवर. मावशी आल्या पावली परत फिरणार, तेवढ्यात लवंगीने हाक मारली.

"मावशी, आई आली. मला न्यायला आली."

बाई गोंधळून उठली. "मावशी? मला तर बहीण नाही हो."

मावशीचा चेहरा गोरामोरा झाला. "कपडे शिवते मी यांचे," ती म्हणाली.

लवंगी गाठोडं बांधायला आत पळाली. दोघी बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. म्हातारी बाई वारली, आता तिथेच एका दवाखान्यात काम आणि राहायला खोली मिळाली, असं आईने सांगितलं. मग ती पदराचं टोक पिळू लागली.

"एक विचारू? राग मानू नका. तिला काय आवडतं? मी सोडली तेव्हा पाच वर्षांची होती. मघाशी दूध विचारलं तर म्हणाली, मी दूध पीत नाही. मला ठाऊकच नव्हतं."

आईवर दोन वर्षं मनात धरलेला राग मावशीला त्या क्षणी शोधूनही सापडेना. तिने सांगायला सुरुवात केली. साय दिसली की दूध नको म्हणते, गाळून दिलं की पिते. ढग गडगडले की घाबरते, पण कबूल करत नाही, तेव्हा आपणच जवळ जाऊन बसायचं. गणितात हुशार, पण पाढे म्हणताना नवाचा चुकवते. खोटं बोलली की आधी नाक खाजवते. आई एकेक गोष्ट पाठ करत असल्यासारखी ओठ हलवत ऐकत होती.

एकच गोष्ट मावशीने सांगितली नाही. मावशीच्या सुईत दोरा ओवून देताना लवंगीचा श्वास थांबतो, आणि दोरा गेला की ती हळूच "आमेन" म्हणते. ते तिने स्वतःकडे ठेवून घेतलं.

निघताना लवंगी मावशीच्या कमरेला घट्ट बिलगली. "तू पण चल."

"दुकानातलं काम कोण करेल माझं?"

"मग मी पत्र लिहीन."

"लिही. अक्षर नीट काढ."

फाटकापाशी आई थांबली, मागे आली आणि खाली वाकून मावशीच्या पाया पडली.

पुढचा दुसरा रविवार मावशीने खोलीत पडून काढला. त्याच्या पुढचाही. तिसऱ्याला मोठ्या सिस्टरांचा निरोप आला, मोठ्या मुलींना शिवण शिकवाल का? सहा मुली होत्या, सहाही धसमुसळ्या. ती जाऊ लागली. लवंगीची पत्रं वर्षभर आली. मग ती विरळ झाली, आणि एक दिवस थांबली. मावशी म्हणाली, "बरं झालं, रुळली पोर." म्हणाली खरी, पण टपालवाल्याची सायकल वाजली की यंत्रावरचा तिचा पाय अजून आपोआप थांबतो.