बोटभर ओली माती

आधीच सांगते, माझ्या अंगात कधी काही आलेलं नाही. लिंबू-मिरची मी भाजीत घालते, दाराला बांधत नाही. इथे लोक लिहितात ते असले अनुभव वाचताना मी बहुतेक वेळा मनात म्हणते, अहो, झोप झाली नव्हती तुमची! त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय. पण वर्ष होत आलं, आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही.

पातूरजवळ आमचं फुलांचं शेत आहे. निशिगंध, शेवंती, झेंडू. पूर्वी आमची फुलं अडत्या सांगेल त्या भावात जायची. मग मी गाडी शिकले. घरची जुनी पेट्रोल गाडी होती, तिची मागची सीट काढून क्रेट ठेवायला जागा केली आणि आठवड्यातून तीनदा थेट अमरावतीला जायला लागले. मंडप सजवणारे दोघंजण सगळा माल घेतात. म्हणजे गाडी आहे तोवर माझा धंदा आहे. गाडी गेली की पुन्हा अडत्याच्या ओट्यावर.

गेल्या उन्हाळ्यात गाडीला विचित्र दुखणं लागलं. इंजिनचा पिवळा दिवा लागला तो विझेना. गाडीत पेट्रोलचा वास. पंपावर दोन लिटर गेलं की नळी खट्‌कन बंद.

पंपावरची मुलगी वैतागून म्हणाली, "काकू, तुमची गाडी पेट्रोल घेऊनच नाही राहिली. उपास हाय काय तिचा?"

टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज यायचा. तासभर चालवली की गाडी धापा टाकत बंद पडायची. झाकण उघडून थोडं थांबलं की पुन्हा सुरू. मी आधी झाकणच नवं घेतलं, सगळ्यात स्वस्त उपाय तोच. दोन दिवसांनी दिवा परत हजर. अमरावतीच्या एका मोठ्या गॅरेजवाल्याने मशीन लावून सांगितलं, पेट्रोलची वाफ साठवणारा डबा आणि टाकी, दोन्ही बदला. आकडा ऐकून मी खुर्चीतून उठले.

नवरा म्हणाला, "तेवढ्यात तं दुसरी जुनी गाडी येते. काहून जीव टाकून राहिली त्या डब्ब्यावर? सोमवारी गिऱ्हाईक येते अकोल्याहून, देऊन टाकू."

"अन् फुलं?"

"अडत्या मेला काय?"

शनिवारी माल द्यायचा होता, तो देऊन आले. परतताना मूर्तिजापूर मागे टाकलं, बोरगाव मंजू अजून यायचं होतं, तिथं गाडी बंद पडली. दुपारचे अडीच. रस्त्याकडेला एक कडुनिंब होता, त्याच्या सावलीत गाडी ढकलत नेली, झाकण उघडलं, फुस्स झालं. आता पंधरा मिनिटं थांबायचं. दार उघडं ठेवून सीटवर टेकले. मागे रिकामे क्रेट, निशिगंधाचा वास, त्यात पेट्रोलचा... रस्त्यावरचे ट्रक ऐकू येत होते, इतपत मी जागी होते.

आणि मी एका गोल खोलीत होते.

भिंती ओल्या मातीच्या, हाताला गार लागणाऱ्या. उजेड पिवळा, त्या इंजिनच्या दिव्यासारखा. खिडकी नाही. समोर बांगडीएवढं गोल दार, आणि बाहेरून कुणीतरी गुणगुणत त्या दारावर माती लिंपत होतं... एक थर, मग दुसरा. कुठलीच घाई नाही. मला अजिबात भीती वाटली नाही. उलट इतकं निवांत मी कित्येक वर्षांत बसले नव्हते. फक्त एवढंच मनात आलं — हे बुजलं तर हवा कुठून येणार? म्हणून मी हात पुढे केला आणि उरलेल्या भोकात बोट घातलं. माती गार, मऊ होती. बोट आत जात राहिलं...

ट्रकचा हॉर्न वाजला. मी गाडीत होते. आणि उजव्या हाताचं पहिलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत ओल्या मातीने माखलेलं होतं.

मी खाली उतरून पाहिलं. झाडाखाली भेगा पडलेली जमीन. पाण्याची बाटली बूच लावलेली, भरलेली. मातीला पेट्रोलचा वास येत होता.

घरी गेलेच नाही. अकोल्यात मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात रशीदभाईंच्या छोट्या गॅरेजवर गाडी उभी केली. आमचा जुना टेम्पो तेच बघायचे.

"रशीदभाई, या गाडीची हवा कुठून आत जाते?"

"कोनती हवा, भाभी?"

"पेट्रोलच्या टाकीची."

"वाफ जाते कोळशाच्या डब्यात. डबा सांस घेते एका नळीतून, मागच्या चाकाच्या वर. काहून?"

"ती नळी काढा."

"मशीन तं लावू द्या पयले! तुमी डॉक्टर का मी?"

"मशीन नंतर."

बडबडत त्यांनी चाक उतरवलं, आतलं प्लास्टिकचं आवरण काढलं. नळी ओढली आणि हसायला लागले. "घ्या! कुंभारणीनं घर बांधलं ना भाभी!"

कुंभारीण म्हणजे मातीचं घर करणारी ती बारीक कमरेची माशी. आणि मला आठवलं... महिन्याभरापूर्वी शेडमध्ये ती गाडीच्या मागच्या चाकाशी घिरट्या घालताना मी पाहिली होती. हाकलली नाही. कुंभारणीचं घर मोडायचं नसतं, आईने लावलेली सवय.

रशीदभाईंनी पान्याच्या टोकाने मातीचं बूच अख्खं बाहेर काढलं, आणि त्यांचं हसू थांबलं. बूच वाळून दगड झालं होतं. पण आतल्या, नळीकडच्या बाजूला मधोमध एक खळगा होता, आणि तेवढाच ओला. तळाशी नखाची खूण.

"इथं कोनाचा हात पोचला?" ते म्हणाले. "आवरण तं मी आत्ता काढलं."

मी बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत बरोबर बसलं. ते उठले आणि चहा सांगून आले.

नळीत हवा मारली, तोंडाला बारीक जाळी बसवली, मशीन लावून दिवा घालवला. माझ्या नव्या झाकणाहूनही कमी खर्च. सोमवारी गिऱ्हाइकाच्या आधी मी नवऱ्याला पंपावर नेलं. टाकी एका दमात भरली. त्याने दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गिऱ्हाइकाला फोन लावला. "नाही विकाची म्हणे ती," एवढंच बोलला.

माशी उडताना पाहिली, त्यावरून मनाने आतल्या आत जुळवलं असेल, स्वप्न पडलं असेल. हे मीच तुम्हाला सांगते. पण बोट? ते तिथं कसं पोचलं, मला माहीत नाही.

बूच मी शेडच्या फळीवर ठेवलं होतं. जूनमध्ये त्याच्या दुसऱ्या बाजूला एक स्वच्छ गोल भोक दिसलं. आतलं पिल्लू उडून गेलं होतं.

त्या कडुनिंबापाशी गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही. मीच कधीकधी थांबवते. काच खाली करते, पाच मिनिटं बसते, मग निघते.