चढतं भजन आणि प्लॅस्टिकची गिटार

काका म्हणाले, "कॉम्प्युटरला घाबरू नका. तो चावत नाही. आणि चावलाच तर त्यावर अजून इंजेक्शन निघालेलं नाही, त्यामुळे घाबरून फायदा नाही." एवढं बोलून ते पेपर वाचायला बसले. माझं ट्रेनिंग संपलं.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावरून जरा आत आमची खोली होती आणि समोरच्या सोसायटीत खालच्या गाळ्यात काकांचा सायबर कॅफे. काका बँकेतून रिटायर झालेले. राहायला वरच्याच मजल्यावर, पण दिवसभर खाली असायचे, आणि काकू म्हणायच्या म्हणूनच संसार टिकला. मी नववीपर्यंत शिकलेली, कॉम्प्युटरचा कोर्स लावला होता तो पोटात पोर राहिलं म्हणून अर्धा सुटला, इंग्लिश अक्षरं एकेक करून वाचता यायची, जोडून वाचायला घेतली की जीव घाबरा व्हायचा. तरी काकांनी ठेवलं, कारण दुसरं कोणी आलं नव्हतं. तसं त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

मला ते काम हवंच होतं, कारण काउंटरच्या खाली माझं पोर मावायचं. नुकतं रांगायला लागलं होतं. गोधडी टाकून दिली की तिथंच खेळायचं, तिथंच झोपायचं. माझे मालक आयटी कंपनीची गाडी चालवायचे, पोरापोरींना घरून आणायचं आणि घरी सोडायचं, गावाकडं मात्र ते आयटीत आहेत असंच सगळ्यांना माहीत होतं. एकट्याच्या पगारात पुण्यात भागत नव्हतं. सासूबाई यवतमाळकडच्या खेड्यात, त्यांचा दर आठवड्याला फोन यायचा, "पोराले इकडं आणून सोडा अन् दोघंबी कमवा तिकडं." त्या वाईट नव्हत्या. पोराला त्यांनी चांगलंच सांभाळलं असतं, भीती त्याचीच होती. मालकांनी मला सांगून ठेवलेलं, "हे काम हाये तवर पोरगं इथं. काम गेलं तं मंग आईकडं. दुसऱ्या कोणत्या कामावर तुले पोराले घेऊन बसू देतीन?"

त्यात कॅफेत गिऱ्हाईक येईना. केबलवाला घरोघरी नेट द्यायला लागला होता. एक दिवस काका पेपरची घडी घालत म्हणाले, "गणपतीपर्यंत बघतो. मग गाळा चायनीजवाल्याला देऊन टाकतो. त्याच्याकडे निदान लोक येतात." मी खाली बघितलं, पोर काकांची चप्पल चघळत होतं. काढून घेतली तर रडलं असतं आणि रडलं तर काकांच्या लक्षात आलं असतं, म्हणून चघळू दिली.

काकांच्या मुलीने अमेरिकेतून एक प्लॅस्टिकची गिटार पाठवली होती. तिला तारा नाहीत, पाच रंगांची बटणं आणि एक पट्टी, वायर कॉम्प्युटरला लावायची. पडद्यावर रंगीत ठिपके घसरत खाली येतात, रेघेवर आले की त्या रंगाचं बटण धरून पट्टी हलवायची, की गाणं आपण वाजवतोय असं वाटतं. पोरं यावर तुटून पडतील असं काकांच्या डोक्यात आलं. सोसायटीच्या गणपतीत स्पर्धा ठेवायची, पोरांना चटक लागली की मग ती कॅफेत येणार. पण कमिटीने सांगितलं, मांडवात इंग्लिश गाणी चालणार नाहीत. आणि त्या खेळात तर सगळी इंग्लिशच.

मग काकांनी नेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात आपलं गाणं घालता येतं. गाणं एका मिनिटाला किती ठोक्यांचं आहे तो आकडा टाकायचा, की खाली वहीसारख्या रेघा आखून येतात, त्या रेघांवर आपण ठिपके बसवायचे. गाणं कुठलं, तर काकूंच्या भजनी मंडळाचं गणपतीचं भजन. काकांनी ते वर घरातल्या हॉलमध्ये मोबाईलवर रेकॉर्ड केलं. ठिपके बसवायचं काम माझ्याकडे, कारण चष्मा लावून काकांना ठिपके दिसायचे पण रंग कळायचे नाहीत, आणि काढला की रंग कळायचे पण ठिपके दिसायचे नाहीत.

आधी तर गाण्याचा आवाजच येईना. दोन दिवस मला वाटत होतं मी काहीतरी दाबलं. मग कळलं त्या खेळाला एकाच जातीची फाईल चालते, ती बदलून घ्यावी लागते. ती बदलली तर गाणं यादीत दिसेना, कारण फोल्डरला काकांनी मराठीत नाव दिलेलं. "मराठीचं वावडं आहे त्याला," काका म्हणाले आणि नुसतं एबीसी नाव दिलं. लगेच दिसलं.

काकू मंडळाच्या चार जणींना घेऊन खाली आल्या. काकांनी गिटार गळ्यात अडकवली. पहिलं कडवं छान गेलं, बायका माना डोलवायला लागल्या. दुसऱ्या कडव्यापासून ठिपके आणि भजन यांची फारकत झाली. ढोलकी पुढं, ठिपके मागं. काका ठिपके बघून दाबायचे तर गाणं निघून गेलेलं असायचं, गाणं ऐकून दाबायचे तर ठिपका आलेला नसायचा. त्या खेळात पुढं पब्लिक उभी दाखवलीय, फार चुकलं की ती हुर्यो करते. ती करायला लागली. भजन चालू आणि हूऽऽ हूऽऽ.

काकू म्हणाल्या, "अहो, हे कोण ओरडतंय?"

"पब्लिक."

"कुठली?"

"अमेरिकेतली असेल. खेळ तिकडचा आहे."

"त्यांना म्हणावं आवडत नसेल तर उठून जा. देवाचं चाललंय."

ठिपके मीच बसवले होते.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, फक्त काका रोज नवीन कारण काढायचे एवढं आठवतं. आधी व्हायरस असेल म्हणाले, मग साउंड कार्ड, मग मोबाईलच रद्दी. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, मग दुसऱ्या मशीनवर टाकलं. पहिलं कडवं बरोबर, पुढं घसरण. मी आकडा वाढवून बघितला, तर शेवट जुळला आणि सुरुवात बिघडली. मधला टाकला तर फक्त मधलं जुळलं. मी काकांना सांगायला घाबरत होते की प्रत्येक वेळी काहीतरी जुळतंय, मला वाटलं ते म्हणतील मग तुमचंच चुकतंय.

शेवटी काकांनी त्या सॉफ्टवेअरच्या लोकांना नेटवर प्रश्न विचारला, सोबत भजनही पाठवलं. उत्तर आलं तेव्हा काकू चहा घेऊन आलेल्या. काकांनी मराठी करून हळू आवाजात वाचलं, "तुमचा ड्रमवाला कच्चा आहे. त्याला एकसारखी लय धरता येत नाही. टिकटिक लावून परत रेकॉर्ड करा."

"ढोलकी मी वाजवते," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच मी हळू वाचलं."

टिकटिक लावून रेकॉर्ड करायचं ठरलं. दुपारी हॉलमध्ये सगळ्या बायका जमल्या, काकांनी कॉम्प्युटरचे स्पीकर नेले, त्यातून टिक टिक टिक. त्यावर भजन सुरू केलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळ्यांचे चेहरे रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखे झाले. काकूंचा हात पुढं पळायचा, टिकटिक त्याला मागं ओढायची. तिसऱ्याला काकूंनी ढोलकी खाली ठेवली.

"हे भजन नाही. ही हजेरी चाललीय."

"अगं पण एका लयीत गा ना, काय बिघडतं?"

"भजन चढतं. जिथं सुरू झालं तिथंच संपणार असेल तर गायचं कशाला? घरी बसून बातम्या बघते की."

काकांनी टिकटिक बंद केली. स्पीकर उचलून खाली आले आणि परत टाईप करायला बसले. काय लिहिलं ते त्यांनी मला वाचून दाखवलं : आमच्याकडे गाणं सुरुवातीपेक्षा शेवटी जोरात असतं, ही चूक नाही, पद्धत आहे, तर उपाय सांगा, ड्रमवाल्याला नाव ठेवू नका, ती माझी बायको आहे. यावर मात्र तिकडच्या माणसाने नीट उत्तर दिलं. एकच आकडा धरू नका, म्हणाला, प्रत्येक ओळीला नवीन आकडा देता येतो. थोडं ऐका, थांबवा, ढोलकीचा मोठा ठोका कुठं पडतो ते बघून तिथं खूण करा. वेळखाऊ आहे.

वेळखाऊ म्हणजे मी. गणपती चार दिवसांवर आलेले. मी ओळ ऐकायची, थांबवायची, खूण करायची, परत ऐकायची, आणि आकडा भाजीच्या भावासारखा चढत चाललेला. मधूनच पडद्यावर इंग्लिशमध्ये चौकट यायची आणि दोन बटणं, मी माऊसवरून हात काढून घ्यायचे, तव्याला लागल्यासारखा. ती जाईपर्यंत कोपऱ्यातली फुली दाबायचे. ती चौकट विचारत होती की काम साठवून ठेवू का.

हे मला कधी कळलं, तर पोराने टेबलाखालची वायर ओढली तेव्हा. पडदा काळा. परत चालू केलं तर माझी एकही खूण शिल्लक नव्हती.

काकांनी टेबलाखाली वाकून बघितलं. पोर वायर धरून हसत होतं. काका सरळ झाले आणि म्हणाले, "हे रत्न इथं बसू शकत नाही."

मला पुढचं ऐकूच आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं यवतमाळची एसटी उभी राहिली. मी म्हटलं काका मी बांधून ठेवते त्याला, पाठीला बांधते, हलणार नाही, रडणार नाही, मी परत सगळं करते, आज करते, आत्ता करते, नका ना काका. एका दमात काय काय बोलले. काकांनी हातानेच मला थांबवलं.

"अहो, इथं म्हणजे टेबलाखाली. शॉक बसेल त्याला." आणि जिन्यात जाऊन वर हाक मारली, "अगं, खाली ये. एक इसम ताब्यात घ्यायचाय."

काकू आल्या, काकांकडून सगळं ऐकलं, पोराला काखेत मारलं, त्याच्या हातातली वायर सोडवली आणि मला म्हणाल्या, "मऊ वरणभात खातो ना हा? मग तू बस. आणि तो साठवायचा प्रश्न आला की हो म्हणायचं. एवढं काय विचारात पडायचं त्यात, लग्न आहे का ते?"

मी बसले. वरून अधूनमधून पोराचा आवाज यायचा, तेव्हा हात थांबायचा, मग ढोलकीचा ठोका शोधायचा. चौकट आली की हो. चौकट नसली तरी हो. शेवटचं कडवं इतकं जोरात होतं की ठिपके एकमेकांना चिकटले, पण होते बरोबर जागेवर. काकांनी वाजवून बघितलं, दुसरं, तिसरं, चौथं कडवं, सगळं जुळलं. शेवटच्याला त्यांची बोटं अडकली आणि पब्लिकने हुर्यो केली.

"आधी यांना गप्प करा," काकू म्हणाल्या.

काकांनी शोधलं तर ती हुर्यो म्हणजे नुसती एक फाईल निघाली, तिच्या जागी दुसरा आवाज ठेवता येत होता. मी म्हटलं टाळ्या ठेवू.

"चुकल्यावर टाळ्या?" काकू म्हणाल्या. "आपण कुठे राहतो?"

मग वर त्या पोराला भरवत असताना काकांनी मोबाईल त्यांच्यापुढं धरला, आणि पोरगं ताटात हात आपटून भात उडवतंय ते बघून त्या जे म्हणाल्या तेच रेकॉर्ड झालं. "असो." तेवढंच. तेच ठेवलं.

स्पर्धेच्या संध्याकाळी मी मांडवाच्या मागं उभी होते, पोर कडेवर. पहिली मुलगी आली, छान वाजवत गेली, शेवटच्या कडव्याला कोसळली, आणि दोन्ही स्पीकरमधून काकूंचा आवाज आला, "असो." मग हसण्याचा असा लोट आला की कमिटीवाले बघायला उठले. पुढचा मुलगा आला, तोही शेवटच्याला पडला, आता सगळा मांडवच ओरडला, "असो!" एकालाही भजन पूर्ण करता आलं नाही. जो सगळ्यात उशिरा पडला त्याला पहिला नंबर दिला. काकू पहिल्या रांगेत बसून होत्या, चेहरा हललाही नाही. फक्त मला म्हणाल्या, "आवाज बरा आलाय."

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आधी पोरं बाहेर उभी. कोणाला शेवटचं कडवं पार करायचं होतं, आणि काही तर मुद्दाम चुकायला आलेली. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या सोसायटीतली आली. त्यांच्या मंडळाचं भजनही घालून द्या म्हणाली, त्यांच्याकडे याच्यापेक्षा जोरात चढतं म्हणे.

विसर्जन झालं. चायनीजवाला गाळा बघायला आला तेव्हा आत उभं राहायला जागा नव्हती. काकांनी त्याला दारातूनच सांगितलं, "सध्या नाही." तो गेल्यावर मला म्हणाले, "दिवाळीनंतरही यायचंय तुम्हाला. कारण विचारू नका, मलाही नीट माहीत नाही. आणि पोराला वर देऊन येत जा, खाली गर्दी फार आहे."

मी मालकांना सांगितलं. ते जेवत होते. ते म्हणाले बरं, आणि भाकरी मोडली. एवढंच. मला कळेना की बरं म्हणजे काय.

त्या आठवड्याचा सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते, नळ बंद केला ऐकायला.

"हो आई," मालक म्हणाले. "आणतो ना. दिवाळीले आणतो पोराले. ... नाही, ठेवाले नाही. भेटवाले आणतो. मंग वापस घेऊन येतो." तिकडून बराच वेळ बोलणं चाललं. ते ऐकत राहिले, मग माझ्याकडं वळून फोनवर हात ठेवला आणि विचारलं, "किती दिवस ठेवाचं, आई इचारते."

मी साबणाची दोन बोटं वर केली.

त्यांनी फोन कानाला लावला. "चार दिवस, आई," ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघून लगेच, "बरं, तीन."