मंगळवार-शुक्रवारची मॅडम

सुजाता वैरागडेने स्पॅनिश शिकायचं असं कधी ठरवलं नव्हतं. ते तिच्या वाट्याला आलं.

आमची प्रशिक्षण संस्था नव्या रायपुरात. तिथे एकदा हुकूम निघाला की प्रत्येक कर्मचाऱ्याने यंदा एक ऑनलाइन कोर्स पुरा करायचा. कोणता, ते ज्याचं त्याने निवडावं. लिंक सकाळीच आली. ज्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर होते त्यांनी चहा यायच्या आत हिशेबाचं सॉफ्टवेअर, इंग्रजी संभाषण असले कामाचे कोर्स भरून टाकले. सुजाता आवक-जावकच्या टेबलावर. तिचा दिवस टपाल चढवण्यात गेला. परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाल्यावर तिने फोन उघडला, तेव्हा दोनच कोर्स उरले होते. एक वेळेचं व्यवस्थापन, दुसरा प्राथमिक स्पॅनिश.

"वेळच नाही, त व्यवस्थापन कशाचं करू?" ती मला म्हणाली आणि स्पॅनिशवर बोट ठेवलं.

मी शेजारच्या सीटवर होते. नवऱ्याच्या नोकरीपायी अमरावतीहून इकडे आलेली, संस्थेत ग्रंथालय सांभाळणारी. त्या बसमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून रोज एकमेकींसाठी जागा धरायचो. सुजाताचा जन्म जुन्या रायपुरातल्या गुढियारीतलाच. तिचे वडील शालिग्रामजी वर्ध्याहून रेल्वेच्या माल कचेरीत आले आणि इथलेच झाले. नवरा दिवाकर उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर. आठवड्याला पाळी बदलायची, आणि पाळीबरोबर घरातल्या जेवणाच्या, झोपेच्या, पाणी तापवायच्या वेळा. मुलगी अनुश्री कॉलेजात. आई मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची.

सुजाता नळ यायच्या आधी उठायची. डबे, कपडे, मग स्टँडपर्यंत चालत. नव्या रायपुरात रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, पण बसगाड्या मोजक्या. एक चुकली की उन्हात उभं राहायचं. संध्याकाळी गुढियारीत उतरल्यावर माल उतरवणाऱ्या ट्रकांमधून वाट काढत घर. घरी पोचली की ती चपला काढायच्या आधी दारातल्या स्टुलावर पाच मिनिटं नुसती बसायची. तेवढी पाच मिनिटं तिला कोणी काही विचारायचं नाही, हा त्या घरातला नियमच झाला होता.

त्यात आता मंगळवार-शुक्रवार साडेसातचा वर्ग आला.

शिकवणारी मॅडम पेरू देशातली. तिच्याकडे तेव्हा सकाळ असायची. रोसालिया तिचं नाव. वय सुजाताएवढंच, पन्नाशीच्या अलीकडचं. मागे पिवळी भिंत आणि खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. स्पॅनिशमध्ये ज चा उच्चार ह होतो, म्हणून पहिल्याच दिवशी ती "सुहाता" म्हणाली. अनुश्री पोट धरून हसली. "मम्मी, मैडम ने तो आपका नाम ही बदल दिया!"

वर्गात देशभरातले मिळून अकरा जण होते. एक गोष्ट मात्र सुजाताला सगळ्यांच्या आधी समजली. दमलेला पुरुष असला तर कान्सादो, बाई असली तर कान्सादा. इंग्रजीत विचार करणारी पोरं चक्रावली. "याच्यात काय अवघड?" सुजाता मला बसमध्ये म्हणाली. "आपल्यात नाही का, तो थकला, ती थकली? तसंच आहे." त्या दिवशी ती जरा खुशीत होती. तसं ती फार कमी वेळा असायची.

कोर्सचा नियम असा, की निम्मे वर्ग भरले की प्रमाणपत्र मिळणार. निम्मे वर्ग झाले आणि माणसं गळायला लागली. दिवाळीनंतर वर्गात दोघंच उरले. सुजाता आणि इंदूरचा एक मुलगा, तो कॅमेरा बंद ठेवून बसायचा. मग तोही दिसेनासा झाला.

"सोडून दे न," मी म्हटलं. "तुझं प्रमाणपत्र पक्कं झालं आहे."

"मले का हौस आहे?" ती म्हणाली. "पण ती बाई तिकडं केस विंचरून, लिपस्टिक लावून बसते. मागच्या मंगळवारी यांना ताप होता, मी नाही बसली. शुक्रवारी तिनं मले हातानं खुणा करून सांगितलं, पूर्ण तासभर एकटीच बसून होती म्हणून. काहून असं करावं आपण कोणाले? कोणीच नाही गेलं त वर्गच बंद करतीन तिचा."

मग ती जात राहिली. भाजी फोडणीला टाकून, फोन डब्याला टेकवून. कधी वर्ग चालू असतानाच डोळे मिटायचे, मॅडमने "सुहाता?" म्हटलं की दचकून "सी, सी" म्हणायची. म्हणजे हो, हो. प्रत्येक वर्गाची सुरुवात ठरलेली. मॅडम विचारायची, "कोमो एस्ता उस्तेद?" तुम्ही कशा आहात? आणि सुजाता म्हणायची, "बिएन, ग्रासियास." बरी आहे, धन्यवाद. मॅडमही तेच म्हणायची. मग पुस्तक उघडायचं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी आमची बस आलीच नाही. आधी म्हणाले बिघडली, मग म्हणाले दुसरी येते आहे. अंधार पडला, मोकळ्या मैदानावरून गार वारा यायला लागला, आणि त्या लांबलचक रस्त्यावर स्टॉपवर आम्ही दोघीच बाकावर बसून. साडेसात झाले. सुजाताने पिशवीतून फोन काढला आणि मांडीवर उभा धरला.

"आज तरी राहू दे," मी म्हटलं.

"बस येतवर काय करायचं आहे?" म्हणाली.

मॅडम पडद्यावर आली. पिवळी भिंत, कपड्यांचा ढीग. हसून तिने रोजचा प्रश्न विचारला, "कोमो एस्ता उस्तेद, सुहाता?"

सुजाताने तोंड उघडलं आणि थांबली. मला वाटलं, शब्द विसरली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "एस्तॉय कान्सादा." मी थकलेली आहे. आणि लगेच, "मुय कान्सादा. तोदोस लोस दियास." फार थकलेली. रोज.

तिकडे मॅडम काही बोलली नाही. रेंज गेली की काय म्हणून सुजाताने फोन वर उचलला. पण रेंज होती. मॅडमने चष्मा काढला होता आणि दोन बोटांनी डोळे दाबत होती.

"यो ताम्बिएन," ती म्हणाली. मी पण.

त्यानंतरचं बोलणं त्या दोघींनी मोजक्या शब्दांत, हाताच्या खुणांनी आणि थोड्या मोडक्या इंग्रजीत केलं. जे मला तिथे कळलं नाही ते सुजाताने नंतर बसमध्ये सांगितलं. मॅडम रात्री एका वृद्धाश्रमात काम करायची. म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, कूस बदलून देणं. सकाळी घरी येऊन तोंड धुवायची, केस विंचरायची आणि आमच्या संध्याकाळच्या वर्गाला बसायची. झोप त्यानंतर.

"मग येता काहून?" सुजाताने विचारलं. खरं तर ती "पोर के?" एवढंच म्हणाली, का? पण म्हणाली अशी, की ते मराठीच वाटलं.

मॅडमने पडद्यावर बोट टेकवलं. "पोर उस्तेद." तुमच्यासाठी. मग तिने जुळवून सांगितलं. एवढ्या लांब एक बाई दिवसभर नोकरी करून, घरचं करून सहसा वर्ग चुकवत नाही. तिला शिकायची एवढी ओढ असताना मी वर्ग बंद करा कशी म्हणू?

सुजाता माझ्याकडे बघायला लागली. तिचा चेहरा हसरा होता की रडवा, मला सांगता येणार नाही. "आई वं," ती म्हणाली. मग फोनकडे वळून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "यो... पोर उस्तेद!" मी तर तुमच्यासाठी येते!

आधी मॅडमला कळलं नाही. कळलं तेव्हा ती अशी हसायला लागली की खुर्ची हलली आणि मागचा कपड्यांचा ढीग घसरून खाली पडला. तो पडला म्हणून सुजाताही हसायला लागली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका गाडीवाल्याने हळू होऊन आमच्याकडे बघितलं. नोव्हेंबरपासून दोन बाया एकमेकींच्या भिडेपोटी जाग्या होत्या, आणि दोघींनाही फक्त झोप हवी होती.

वर्ग मात्र अजून दोन महिन्यांचे बाकी होते. मॅडमने मध्येच सोडलं तर कोर्स चालवणारी कंपनी नाराज होणार, आणि तास पूर्ण भरला नाही तर तो झाला असं धरत नव्हते. मग त्यांनी आपापसात तोड काढली. पहिली पंधरा-वीस मिनिटं खरोखरचा धडा. त्यात टाळाटाळ नाही. उलट सुजाता म्हणते, तेव्हाच तिला जे काय आलं ते आलं. धडा झाला की मॅडम टेबलावर हात घडी करून त्यावर डोकं ठेवायची. इकडे सुजाता फोन खिडकीत टेकवून पलंगावर आडवी व्हायची, पाय भिंतीला वर लावून. दोघींचे कॅमेरे चालू.

एकदा दिवाकर पाळीवरून लवकर आला. अंगावर उरल्याची काळी धूळ, हातात डबा. खोलीत बायको पडलेली आणि फोनमध्ये एक परदेशी बाई झोपलेली.

"हे कोण झोपली आहे इथं?" तो दारातच थबकला.

"माझी मॅडम आहे. हळू बोला, उठंन ती."

"अन् शिकणं?"

"झालं आजचं."

दिवाकरने वाकून फोनमध्ये पाहिलं. मग डबा आवाज न करता ओट्यावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच कुकर लावला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये सुजाताने मला धडा नाही सांगितला, कुकरचं सांगितलं. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. भात त्याने पहिल्यांदा लावला होता. जरा गिचका झाला, पण खाल्ला सगळ्यांनी.

मार्चमध्ये परीक्षा झाली. सुजाता कशीबशी पास झाली. शेवटच्या वर्गाला दोघी झोपल्या नाहीत. मॅडमने कॅमेरा उचलून खिडकीशी नेला आणि माथा बर्फाने पांढरा असलेला एक डोंगर दाखवला. सुजाताने फोन घेऊन गल्ली दाखवली. ट्रक, पोती, कुत्री, समोरच्या अंजनाबाई. अंजनाबाईंनी हात हलवला. "आप का नाव काय?" म्हणून त्यांनीच मॅडमला विचारलं, मराठी-हिंदी मिसळून, आणि मॅडमने काही न कळता "सी, सी" म्हटलं.

पुढच्या वर्षीच्या लिंकमध्ये स्पॅनिशचा दुसरा टप्पा होता. सुजाताने घेतला नाही. यंदा तिने टेबलावर कॉम्प्युटर असलेल्या एकाला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं नाव लागलं. ते वर्ग दुपारी, ऑफिसच्या वेळेत. मंगळवार-शुक्रवारचा तास तिला परत मिळाला. तो कुठे गेला, विचाराल तर ती म्हणेल, घरातच कुठं तरी जिरला.

जुलैत मॅडमचा निरोप आला. सुजाताने तो बसमध्ये मला वाचून दाखवला, एका शब्दाला अडली, तेवढा अनुश्रीला फोन करून नेटवर बघायला सांगितला. मॅडमला वृद्धाश्रमात दिवसाची पाळी मिळाली होती. ऑनलाइन शिकवणं तिने सोडलं. आता रात्री झोपते, असं लिहिलं होतं.

"चांगलं झालं," मी म्हटलं.

"हव, चांगलंच झालं," सुजाता म्हणाली. बस विमानतळाच्या पुढे निघून आली होती, उभे असलेले लोक डुलत होते. "थकली होती लय." मग म्हणाली, "पण आता तिकडं कोणाले माहीतच नाही न, मी कशी आहे ते."

मी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली. ती उत्तर लिहायला बसली. अक्षरं शोधत शोधत, स्पॅनिशमध्ये. अर्ध्या वाटेत तिचा डोळा लागला आणि मान माझ्या खांद्यावर आली. फोन तिच्या हातातून निसटायला लागला, तो मी काढून माझ्या पिशवीत ठेवला आणि गुढियारी येईपर्यंत तिला उठवलं नाही.