रोज आवळलेला प्लग

गेल्या सोमवारी सकाळी देवपूजा आटोपली आणि नेहमीसारखा पाना घेऊन अंगणात गेलो. सुमनच्या मोपेडचा स्पार्क प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, पुसून परत आवळायचा... तीन महिन्यांपासून हा माझा नेमच झाला होता.

सुमन माझी पत्नी. चिकलठाण्यात एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक बघते, सातला हजर व्हावं लागतं. मोपेड जुनी, टू-स्ट्रोक. नवी घेऊ म्हटलं तर म्हणते, हिच्यावर माझे पाय जमिनीला टेकतात, दुसरी नको.

तीन महिन्यांपूर्वी जालना रोडवर चालत्या गाडीचा प्लग ढिला होऊन फट्‌कन बाहेर आला. गाडी जागीच बंद... मागे ट्रक. ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून वाचली. तिनं घरी येऊन हे हसत सांगितलं.

तेव्हापासून मी रोज प्लग खोलून बघायला लागलो. तरीही आठ-दहा दिवसांनी इंजिनातून फस्‌ फस्‌ आवाज यायचाच, प्लगच्या बुडाशी काळं तेल दिसायचं. प्लगच हलके येतात असं समजून तीनदा नवे आणले, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त जोर लावून आवळले.

त्या सोमवारी शेवटचा जोर लावताना पाना एकदम हलका झाला. लोण्यात फिरावा तसा फिरला... आणि पुन्हा कुठंतरी अडकला. बोटानं हलवून पाहिलं, प्लग हलत नव्हता.

पण मला कळलं होतं. प्लग धरून ठेवणारे आतले आटे झिजून गेले होते.

सुमन डबा घेऊन दारात उभी, साडेसहा होत आलेले. "झालं का?" तिनं विचारलं. मी "झालं" म्हणालो. एवढंच.

ती वळणावरून दिसेनाशी झाली. जपाला बसलो तर प्रत्येक मण्याला ट्रक दिसायचा. फोन केला, उचलला नाही. कँटीनमध्ये फोन लॉकरात ठेवावे लागतात हे माहीत असूनही आणखी चारदा केला.

मी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. त्या दिवशी नेमका कडं आणि गोळ्याचा प्रयोग मांडायचा होता. थंड गोळा कड्यातून आरपार जातो, तापवला की अडकतो... उष्णतेनं धातू प्रसरण पावतो. तो तास संपला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून रिक्षानं चिकलठाणा गाठलं.

गेटवरच्या वॉचमननं तिला बोलावलं. अॅप्रन घातलेली, धडधाकट सुमन समोर आली.

"शाळा सोडून आलात? काय झालं?"

"काही नाही, ऑइल बदलून आणतो म्हटलं."

तिनं किल्ली दिली आणि सोबतच्या बाईला म्हणाली, "बघ बाई, आमचे हे माझ्यापेक्षा गाडीलाच जास्त जपतात." दोघी हसल्या. मला मान वर करवेना.

पार्किंगमध्ये जाऊन प्लग दोन बोटांनी धरून ओढला. तो अलगद हातात आला... याच अवस्थेत ती जालना रोडनं आली होती.

गाडी ढकलत जवळच्याच गॅरेजवर नेली. रशीदभाई म्हणून म्हातारे मिस्तरी आहेत. त्यांनी प्लग उलटसुलट करून पाहिला आणि माझा रोजचा नेम ऐकून कपाळावर हात मारला.

त्यांनी समजावलं ते असं. नव्या प्लगला खाली पोकळ वॉशर असतं. ते पहिल्यांदा आवळताना दबतं आणि मग स्प्रिंगसारखं धरून ठेवतं. रोज खोललं की चपटं होतं, त्यातला जीव जातो. पॉलिश पेपरची कच आट्यांत बसून आटे खाते ती वेगळीच. टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला पेटतं, त्यामुळं तापतं फार. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. हेड जास्त फुगतं, पकड सैल होते, उरलेलं काम इंजिनाची थरथर करते.

"आप तो स्कूल में हैं ना, मास्तर? गरम झालं की काय होतं, पोरांना शिकवता ना?" ते म्हणाले. "थंड इंजिनवर हातानं पूर्ण बसवायचा, मग पान्यानं अर्धा फेरा. बस. फिर भूल जाव."

हेडला नवे आटे बसवून, नवा प्लग लावून त्यांनी दुपारी गाडी दिली, ती मी परत कंपनीत नेऊन लावली. सुमन संध्याकाळी तिच्यावरच घरी आली. गाडी छान पळतेय, म्हणाली.

म्हणजे सगळं ठीक झालं होतं. पण मला तिच्यासमोर जेवायला बसणं अवघड जात होतं. रोज खोलून बिघडवलं ते अज्ञानानं... पण त्या "झालं"मध्ये अज्ञान नव्हतं. देवाला सोमवारीच सगळं सांगितलं होतं. त्याला सांगणं सोपं असतं, तो उलटून काही विचारत नाही.

आज गुरुवार. सकाळी ती हेल्मेटचा पट्टा लावत होती. म्हणालो, "सोमवारी प्लगचे आटे गेलेत, हे मला कळलं होतं. तरी तुला जाऊ दिलं."

तिचा हात थांबला. "माहीत होतं तुम्हाला?"

"व्हय." तोंडून गावाकडचंच निघालं.

मग हळूच म्हणाली, "अहो, मी बसनं गेले असते की."

पट्टा लावला, गाडी सुरू केली आणि गेली.

तिला फार तर दहा मिनिटं उशीर झाला असता. माझे सांगायलाच तीन दिवस गेले... पण आज सांगितलं. आणि ते ऐकायला ती समोर उभी होती, ही देवाची कृपा.