चौदावी ओळ

शिल्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या बसस्थानकावर होतो. अकोल्याच्या दवाखान्यात पोहोचायला दोन तास उशीर झाला. पिशवीत तिची यादी होती... आज सेहेचाळीस दिवस झाले.

माझी ही धाकटी बहीण पुण्यात संगणकावर लस रचायची. टायफॉइडच्या जंतूच्या प्रथिनांचे हजारो तुकडे तपासून, शरीर ओळखील असे मोजके निवडायचे आणि जोडायचे. प्रयोगशाळेची पायरी त्यानंतरची. निवडलेल्या तुकड्यांच्या यादीची पडताळणी मात्र ती माझ्याकडून करून घ्यायची, कारण माझी सगळी नोकरी तक्ते तपासण्यात गेली. रविवारी फोनवर मी छापील ओळ वाचायची, तिने पडद्यावर पाहून "हो" म्हणायचे, मगच खूण करायची. एकट्याने खूण करायची नाही, हा नियम तिचा.

मागच्या वर्षी चौदाव्या ओळीत एक रकाना रिकामा दिसला. तुकडा माणसाच्या प्रथिनासारखा तर नाही ना, हे नोंदवायचा. तसा असला तर शरीर स्वतःवरच उलटू शकते.

"झाली असंन रे ते तपासणी, लिहायचं राह्यलं," ती म्हणाली. "तू तं पोळ्याही मोजून खातं."

"मंग पुन्हा कर. कायले भेतं?"

तिने केली. साम्य निघाले. सगळी रचना त्याच तुकड्याभोवती बांधलेली होती. सात महिन्यांचे काम गेले. तिचा कॅन्सर त्याआधीच कळला होता. हाती किती महिने आहेत, हे डॉक्टरांनी मला सांगितले होते. तरी मी तो रकाना दाखवला.

पुढे ती आमच्याकडेच राहायला आली, आणि खाटेवर लॅपटॉप घेऊन पहिल्यापासून लागली. शेवटी दवाखान्यात मी म्हणालो, "मी बोललो नसतो तं तुही लस पुरी झाली असती."

"अन् कोणाच्या लेकराले टोचली असती? येड्यासारखं बोलून राह्यला तू, दादा." मग माझ्या पिशवीकडे पाहून, "नवी यादी आणली काय? वाच."

तेरा ओळी झाल्या. तिचे डोळे मिटत होते. "बाकीच्या उद्या..."

यादी तिच्या खोलीत टेबलावर आहे. रविवारी मी पट्टी ठेवून चौदावी ओळ मोठ्याने वाचतो. रकाना भरलेला आहे, साम्य नाही. थोडा वेळ थांबतो... आणि पेन्सिल तशीच खाली ठेवतो.